डावीकडे चार बोटं समास

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पाटी लागली. छावणीच्या दोन नंबरच्या गेटासमोर, युनिफॉर्म शिवणाऱ्या टेलरच्या दुकानावरची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक पंखा. पंखा फिरतो, पण मनापासून नाही.

बावीस वर्षं मी नवराबायकोंना एकमेकांच्या तावडीतून सोडवलं. शेवटी शेवटी असं झालं होतं की अशील खुर्चीत टेकायच्या आत मला कळायचं, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत आणि कुत्रं कुणाला हवंय. आमचे हे जेवताना नुसतं "आज मीठ कमी आहे" म्हणाले तरी माझ्या डोक्यात कलम फिरायला लागायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या नवऱ्याकडे विरुद्ध पक्षकार म्हणून बघणं बरं नव्हे, म्हणून तो धंदा बंद.

यापुढे जवानांच्या किरकोळ शिस्तभंगाची कामं. बूट, केस, उशीर, उलट उत्तर. असल्या गुन्ह्यांवर कोर्ट बसत नाही. इथले कर्नल जवानाला समोर उभं करतात, दहा मिनिटं ऐकतात आणि शिक्षा सांगतात. याला पेशी म्हणतात. जवानाला बाहेरच्या वकिलाचा सल्ला घेता येतो, आधी लेखी निवेदन देता येतं. पण वकिलाने पेशीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बाहेर व्हरांड्यात बाक आहे, तिथे बसायचं.

हे सगळं मी घरी समजावून सांगितलं. आमच्या यांनी भूगोलाच्या पेपरांतून मान वर केली. म्हणाले, "म्हणजे आत तिसराच माणूस बोलणार आणि तू बाहेर गप्प बसणार? मला बघायला येता येईल का?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवसांत सहा माणसं जिना चढून आली. पाच जणांना बटणं लावून हवी होती. सहाव्याला मी टेलरची बायको वाटले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला अशील आला! दारात उभा राहून पाय असे आपटले की खालून टेलर ओरडला, "वकीलबाई, छताची माती पडतेय कापडावर!"

सत्तावीस वर्षांचा जवान, दोन नंबरच्या गेटावरचा पहारेकरी. बस म्हटल्याशिवाय बसला नाही, आणि बसल्यावरही असा ताठ की खुर्चीला पाठ आहे हे वायाच गेलं. गुन्हा असा: गेल्या मंगळवारी ब्रिगेडियरांची गाडी गेटावर आली. याने सॅल्यूट तर केला नाहीच, वर गाडी अडवून पास मागितला. मागच्या सीटवर खुद्द ब्रिगेडियर बसले होते. पुढे काय झालं ते तो सांगेना. इतकंच म्हणाला, "साहेब बोलले."

"काय बोलले?"

"बरंच बोलले, मॅडम."

"चूक कुणाची?"

"माझी."

"का?"

"साहेब म्हणाले ना."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी स्वतःची चूक कबूल केली असेल ती याने, तीही फुकटात आणि पहिल्याच वाक्यात. घटस्फोटाच्या कोर्टात असा एक जरी माणूस आला असता तर मी त्याची आरती ओवाळली असती. इथे त्याचा काही उपयोग नाही.

शिक्षा तशी नावापुरती आहे, लेखी ताकीद. मग माझ्याकडे कशाला आला? तेव्हा खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला फोटो निघाला. बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. मुलीला त्याने एकदाच पाहिलंय, नऊ दिवस. छावणीत फॅमिली क्वार्टर मिळण्याची यादी असते. तीन वर्षं वाट पाहून हा त्या यादीत पहिल्या नंबरावर पोचलाय. दोन खोल्या आणि न्हाणीघर महिनाभरात रिकामं होतंय. सेवापत्रकात लाल शाईची एक नोंद पडली की तो यादीत शेवटी जाणार.

"शेवटी म्हणजे कितवा?"

"सत्तेचाळिसावा."

त्या हिशेबाने मुलगी बापाशेजारी राहायला येईल तेव्हा तिला मिसरूड फुटलेला नवरा असेल. मी काम घेतलं. पेशी सव्वीस तारखेला आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी फोन. "वकीलताई का? मी त्यांची बायको. ताई, ह्यांना बोलता येत नाही हो. मुलगी बघायला आले तेव्हा मीच ह्यांना विचारलं, तुमचं शिक्षण काय. तर माझ्या वडिलांकडे बघून उत्तर दिलं. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात आम्ही एकूण एक्केचाळीस दिवस एकत्र होतो. मोजलेत मी. तुम्ही जे बोलायचं ते तुम्हीच बोला."

मी म्हटलं, मला आत जाता येत नाही.

ती लगेच म्हणाली, "मग तुम्हाला नेमलंय कशाला?"

बाई हुशार आहे. माझ्या जुन्या धंद्यात समोर आली असती तर घाम फोडला असता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मी प्रकरण फोडलं! (या वहीत फुशारकी मारायला हरकत नाही, वाचणारी मीच.)

खाली टेलरकडे चहा घेत होते. तो कॅनव्हासची चौकोनी पिशवी शिवत होता. पिशवीला तळ नाही, कडेला इलॅस्टिक. विचारलं, हे काय? "पाटीची खोळ. बड्या साहेबांच्या गाडीला पुढे तारे असलेली पाटी असते ना, तिची. साहेब गाडीत नसले की ड्रायव्हर खोळ चढवतो. मग ती नुसती गाडी. तिला कोणी सॅल्यूट मारत नाही, आणि गेटवर तिचा पासही बघतात."

माझा चहा तसाच राहिला. म्हणजे त्या दिवशी पाटीवर खोळ होती! ड्रायव्हर काढायला विसरला होता. माझ्या पहारेकऱ्याने रिकामी गाडी समजून पास मागितला. साधीसरळ निर्दोष सुटका.

संध्याकाळी तो ड्यूटी संपवून आला तेव्हा मी विजयी मुद्रेने विचारलं, "पाटीवर खोळ होती ना?"

तो खाली बघायला लागला. "होती."

"मग सांगत का नाहीस? अरे, तू सुटलास!" (अहो-जाहो एव्हाना संपलं होतं.)

"ताई, मी सुटलो तर ते अडकतील." ते म्हणजे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं नोकरी, सेवापत्रकावर एक ठिपका नाही, दीड महिन्यात निवृत्ती. त्या सकाळी रिकामी गाडी घेऊन साहेबांना आणायला निघाले तेव्हा गेटवर काच खाली करून यालाच सांगितलं होतं, नातू झाला, आत्ताच फोन आला. त्या आनंदात खोळ काढायची राहिली.

"आणि ते गप्प बसलेत? तुझ्या जिवावर?"

"नाही हो. ते दुसऱ्याच दिवशी कबूल करायला ऑफिसात गेले होते. हेडक्लार्कसाहेबांनी परत पाठवलं. म्हणाले, कबुलीचा अर्ज तीन प्रतींत आणा, टाइप करून."

असलं खातं बघितलं नव्हतं. माणूस गळा पुढे करतोय आणि हे विचारतायत, प्रती किती?

"खोळीचं नाव काढायचं नाही ताई," जाताना तो म्हणाला. तेवढं एकच वाक्य तो आजवर स्वतःहून बोललाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खोळीचं नाव काढलं. निवेदन लिहिलं, ड्रायव्हरच्या हुद्द्यासकट, साडेतीन पानं, एकाहून एक वाक्यं. त्याच्या पुढे ठेवलं. त्याने शेवटचं पान उलटलं आणि सही केली. वाचलं नाही. कागद पुढे आला की सही करायची ही सवय त्याला सैन्याने लावली आणि तिचा फायदा मी घेतला.

मी स्वतःला सांगतेय की हे त्याच्या मुलीसाठी. बावीस वर्षांत 'मुलांसाठी' हे शब्द मी किती लोकांच्या तोंडून ऐकले आणि किती वेळा मनातल्या मनात हसले, ते आठवून आज हसू आलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हेडक्लार्कची भेट. मी त्याचं नाव टाचणी ठेवलंय. माणूस काटकुळा, डोकं गोल आणि चकचकीत, कागद एकमेकांना स्टेपलरने नव्हे, टाचणीनेच जोडतो. मला पाऊण तास बाकावर बसवलं. मग निवेदन हातात घेतलं, सावकाश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, दुसऱ्या पानावर बराच वेळ थांबला. मग खिशातून पट्टी काढून कागदावर ठेवली.

"मॅडम, डावीकडे चार बोटं समास हवा. आपला तीन आहे."

"मजकुरात काही आक्षेप?"

"मजकूर मी बघत नाही. समास बघतो."

निवेदन परत. माझी बोटं बारीक आहेत हा कायद्यातला नवा मुद्दा झाला. घरी आल्यावर आमच्या यांना म्हटलं, या माणसाची जीभ सरकारने जमा करून घेतली असावी. हे म्हणाले, "पाऊण तास तू गप्प बसलीस? पाऊण?" आणि आनंदाने बराच वेळ त्याच आकड्यात रमले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चार बोटं समास सोडून पुन्हा गेले. टाचणीने पट्टी लावली. समास बरोबर. मला वाटलं, जिंकले. तर म्हणतो, "निवेदन जवानाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवं. टाइप केलेलं चालत नाही."

"ड्रायव्हरला तर तुम्ही टाइप करून आणायला सांगितलंत!"

"तो अर्ज आहे. हे निवेदन." चेहऱ्यावर रेष हलली नाही.

"हा फरक शुक्रवारी सांगता आला असता."

"शुक्रवारी समास चुकला होता, मॅडम."

मी जिना उतरताना त्याच्या सात पिढ्यांचा उल्लेख केला. मनात. म्हणजे बहुतेक मनातच. पहाऱ्यावरचा एक जवान दचकला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस वहीत न लिहावा असाच आहे.

तो माझ्या टेबलाशी बसून निवेदन उतरवून काढत होता. अक्षर शाळेतल्यासारखं, प्रत्येक अक्षरावर जीभ बाहेर. मी खिडकीत उभी. दुसऱ्या पानावर पेन थांबलं.

"ताई, इथे त्यांचा उल्लेख आहे."

मी काहीतरी बोलले. लांबलचक. त्यात न्याय होता, वस्तुस्थिती होती, मुलगीही होती. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग त्याने पेनाला टोपण लावलं, कागद टेबलावर माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाला, "मी सही केली होती. वाचायला पाहिजे होतं. चूक माझी."

पुन्हा तेच! ओरडला असता, रागावला असता, वकील बदलतो म्हणाला असता तर मला उत्तर देता आलं असतं. उलटतपासणीला मी कधी घाबरले नाही. हे 'चूक माझी' मात्र थेट बरगडीत बसतं.

मी त्याच्यासमोर साडेतीन पानं फाडली. टाइप केलेली आणि हाताने लिहिलेली, दोन्ही. म्हणाले, "तुझी नाही. माझी."

तो थोडा गोंधळला. चूक दुसऱ्याची असू शकते हे त्याने वरच्या माणसाकडून बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाला, "ठीक आहे ताई," आणि टोपण पुन्हा काढलं. "आता काय लिहू?"

मला माहीत नव्हतं. पेशीला आठ दिवस आहेत आणि बचाव म्हणून माझ्याकडे चार बोटं समास आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काही सुचलं नाही म्हणून गुळमुळीत निवेदन दिलं: पाच वर्षांची निष्कलंक सेवा, प्रामाणिकपणा, कौटुंबिक परिस्थिती, सहानुभूतीने विचार व्हावा. लग्न मोडताना दोन्हीकडचे वकील शेवटच्या पानावर लिहितात तसलं. अक्षर त्याचं, समास चार बोटं.

टाचणीने वाचलं. या वेळी पट्टी काढलीच नाही. कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं काही हरवून आले.

"मॅडम, हा नमुना बरोबर नाही."

"आता काय? शाई?"

"परिच्छेदांना क्रमांक नाहीत. लष्करी लिखाणाचा नमुना वेगळा असतो." कपाटाकडे गेला, एक फाइल काढली, चाळली, परत ठेवली, दुसरी काढली. तिच्यातून एक जुना आदेश काढून त्याची झेरॉक्स माझ्या हातात दिली. "हा नमुना बघा. घरी नेऊन नीट वाचा. क्रमांक कसे घातलेत ते बघा. विशेषतः चौथा."

मला नमुना! बावीस वर्षं जिने युक्तिवाद लिहिले तिला हा माणूस परिच्छेदाला आकडे घालायला शिकवतो. रागाच्या भरात झेरॉक्स घडी करून पर्समध्ये कोंबली. बसस्टॉपवर फेकणार होते, पण कचऱ्याचा डबा भरलेला होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नशीब म्हणतात ते हेच!

सकाळी चष्मा शोधताना पर्समधून ती झेरॉक्स निघाली. म्हटलं बघू तरी काय नमुना आहे. अकरा महिन्यांपूर्वीचा गेटावरच्या तपासणीबद्दलचा आदेश. परिच्छेद चार, जसाच्या तसा: "कोणतेही वाहन, आत कोणीही असो, पास पाहिल्याशिवाय सोडू नये. तपासणी चालू असताना पहारेकऱ्याने रायफल दोन्ही हातांत सज्ज धरावी. सॅल्यूट अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी हात मोकळा करू नये."

खाली सही. ब्रिगेडियरांची!

मी किंचाळले. आमचे हे दाढी अर्धी टाकून बाहेर आले. माझा पहारेकरी तर अख्ख्या छावणीत ब्रिगेडियरांचा हुकूम पाळणारा एकटाच माणूस निघाला. त्यात खोळ नाही, पाटी नाही, ड्रायव्हर नाही. आणि हे सगळं माझ्या हाती दिलं कुणी? त्या टाचणीने, आकडे शिकवायच्या नादात! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि त्याला पत्ताही नाही.

आमचे हे साबणाच्या फेसातून म्हणाले, "त्याने मुद्दाम दिला असेल."

"छे! त्याला मजकूर दिसतो कुठे? तो समास बघतो."

"विशेषतः चौथा असं म्हणाला ना?"

"आकड्याबद्दल म्हणाला हो. चारचा आकडा त्या कागदावर फार सुबक काढलाय."

हे उरलेली दाढी करायला गेले. भूगोलाच्या मास्तरांना माणसांचं अंतरंग कळत नाही, त्यांना फक्त डोंगर-नद्या.

दुपारी पहारेकऱ्याला आदेश दाखवला. म्हणाला, "हा तर मला पाठ आहे."

"पाठ?"

"गेटावर फलकाला लावलाय ना. आठ तास तिथे उभं राहायचं, दुसरं वाचायला काही नसतं." आणि त्याने परिच्छेद एक ते सात स्वल्पविरामांसकट म्हणून दाखवले.

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं सगळ्यांनाच माहीत आहे. आणि साहेब म्हणाले चूक आहे. सही त्यांचीच आहे, म्हणजे त्यांना जास्त कळणार."

त्याला लिहायला बसवलं. सात परिच्छेद, सातांना क्रमांक, एक पान.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निवेदन स्वीकारलं. टाचणीने वाचलं, पावतीचा शिक्का मारला आणि आदेशाची प्रत स्वतःच्या हाताने मागे टाचली. "आता नमुना बरोबर आहे." मी सहज, खवचटपणे म्हटलं, "तुमच्या शिकवणीमुळे." तो म्हणाला, "आभारी आहे." टोमणासुद्धा कळत नाही या माणसाला!

ऑफिसात एक जाडसर, पांढऱ्या मिशांचा माणूस कागदांची चळत घेऊन बसला होता. पहारेकऱ्याने नंतर सांगितलं, तेच ड्रायव्हर. अर्ज तीन प्रतींत घेऊन आले होते. टाचणीने तिन्ही प्रती पाहिल्या, म्हणाला, नाव आधी आणि आडनाव नंतर हवं, सत्तावीस तारखेनंतर सावकाश या, आता पेशीची गडबड आहे. मग दोघं मिळून खिडकीशी चहा पीत होते, नातवाचे फोटो बघत. छळायचं आणि वर चहा पाजायचा. थंड डोक्याचा माणूस.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पेशी. सकाळी दहा. मी व्हरांड्यात बाकावर.

हा बाक ज्याने बनवला त्याला वकिलांबद्दल वैयक्तिक राग असावा. दार बंद. आतून आवाज येतो, शब्द येत नाही. बावीस वर्षांत मी 'हरकत आहे' किती वेळा म्हटलं असेल? आज ते तोंडात येऊन परत खाली गेलं, निदान दहा वेळा. एकदा बाहेर पडलंच. समोरच्या माळ्याने कात्री खाली ठेवली.

आत्तापर्यंत मी प्रकरणं हरले तेव्हा कुणीतरी एकजण तरी खूश असायचा. आज हरले असते तर कुणीच नसतं. दोन खोल्या रिकाम्या होऊन त्यात यादीतला दुसऱ्या नंबरचा गेला असता, एवढंच.

चौदा मिनिटांनी दार उघडलं. पहारेकरी बाहेर आला, वळला, तीन पावलं टाकली, माझ्यासमोर उभा राहिला. चेहरा कोरा.

"काय झालं?"

"बरं झालं, ताई."

"म्हणजे काय झालं? माणसासारखं सांग!"

मग तो सांगत गेला. कर्नलनी निवेदन वाचलं. आदेश वाचला. सही बघितली. पुन्हा आदेश वाचला. मग विचारलं, "गाडीच्या पाटीवर खोळ होती का?"

नेमका तोच प्रश्न! मी त्याच्याकडून सतरा प्रश्न घोटून घेतले होते, हा सोडून. तो खोटं बोलणार नाही आणि खरं सांगणार नाही, हे मला माहीत होतं म्हणून मी त्या प्रश्नाकडे बघितलंच नव्हतं.

"मग तू काय म्हणालास?"

"काहीच नाही. उभा राहिलो."

"किती वेळ?"

"बराच. मग हेडक्लार्कसाहेब म्हणाले, 'साहेब, आदेशात पाटीचा उल्लेख नाही. कोणतेही वाहन असं आहे. हे प्रकरण शिक्षा देऊन वर पाठवायचं तर हा आदेश सोबत जोडावा लागेल. सही मोठ्याने वाचून दाखवू का?' कर्नलसाहेब म्हणाले, 'नको, नको.' मग ते हसले. म्हणाले, 'आरोप रद्द. आणि गेटावर माझी गाडी आली की माझाही पास बघत जा.'"

सुटला! लाल शाई नाही, काळी नाही, काही नाही. मी त्या बाकावरच बसले आणि नाक पुसत राहिले. व्हरांड्यात धूळ फार.

टाचणी फाइल घेऊन बाजूने गेला. मी उदार मनाने म्हटलं, "माझं निवेदन तुम्ही आत बरोबर मांडलंत." तो थांबला. "क्रमांक घातले होते म्हणून सापडलं, मॅडम," म्हणाला आणि निघून गेला. शेवटपर्यंत आकडेच!

बायकोला फोन मी लावला. ती म्हणाली, "हे काय बोलले आत?" मी म्हटलं, ऐन वेळी काहीच नाही. "मग बरोबर," म्हणाली, आणि इतकी हसली की मागे मुलगी उठून रडायला लागली.

५ मार्च, बुधवार

जिन्यात रांग. एकाच्या बुटांना पॉलिश नव्हतं, दुसरा परेडमध्ये शिंकला, तिसऱ्याला फक्त बटण. पहिल्या दोघांना विचारलं, माझा पत्ता कुणी दिला? दोघंही म्हणाले, हेडक्लार्कसाहेबांनी. आमच्या यांना सांगितलं. यांनी नुसता चष्मा पुसला. मी म्हटलं, त्याचं साधं आहे, नमुना पाळणारी दुसरी वकील त्याला ठाऊक नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पहारेकरी आला. क्वार्टरची किल्ली दाखवायला. दोन खोल्या, न्हाणीघर, खिडकीला जाळी नवी. बायको-मुलगी परवा येतायत. मी अभिनंदन केलं. तो उठेना.

"आणखी काही?"

"ताई, एक विचारायचं होतं." कान लाल. "घरात काय बोलतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे रोज. आम्ही एक्केचाळीस दिवस होतो, ते सगळे पाहुण्यांत गेले. फोनवर ती बोलते, मी हो म्हणतो. आता दाराला कडी लावून तिघंच असणार. मी काय बोलू?" खिशातून छोटी वही काढली, पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही नवराबायकोंचीच कामं करायचा ना? तुम्हाला माहीत असेल."

संसार संपताना लोक काय बोलतात ते मला पाठ आहे, परिच्छेदांसकट. सुरू होताना काय बोलतात? बावीस वर्षांत एक माणूस त्यासाठी माझ्याकडे आला नाही.

शेवटी म्हटलं, "तू काही बोलू नकोस. विचार. साधंसं. म्हणजे... बादली कुठे ठेवायची ते विचार."

त्याने लिहिलं: एक. बादली. मग पेन वर धरून दोन नंबरासाठी थांबला. दोन नंबर माझ्याकडे नव्हता. म्हटलं, "एवढ्यावर भागेल." तो पाय आपटून गेला. खालून टेलर ओरडला.

संध्याकाळी आमच्या यांना विचारलं, लग्नानंतर घरात पहिल्या दिवशी आपण काय बोललो होतो? हे पेपर तपासत म्हणाले, "तू बोललीस." मग लाल पेन खाली ठेवलं. "मी ऐकत होतो. छान होतं ते."

सव्वीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मीठ कमी असलेलं वरण यांनी दोनदा घेतलं.

१६ मार्च, रविवार

चार वाजता फोन. मागे भांड्यांचा आवाज, रिकाम्या खोलीत घुमणारा.

"ताई, तुम्ही ह्यांना काय शिकवून पाठवलंत? आम्ही आत आलो, ह्यांनी सामान खाली ठेवलं, पाय जुळवले आणि मला विचारलं, बादली कुठे ठेवू?"

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, न्हाणीघरात, पण दाराआड नको, तिकडे सासूबाईंच्या घरी दाराआड होती, तिला अडखळून मी सातव्या महिन्यात पडले होते. तर हे म्हणाले, कधी? मला कुणी कळवलं नाही. मग ते सांगितलं. मग त्याच्या आधीचं. दीड तास झाला ताई, मी बोलतेय आणि हे ऐकतायत. मध्ये मध्ये 'मग?' म्हणतात. मला वाटलं नव्हतं ह्यांना एवढं येतं."

"आणि लेक?"

"ती ह्यांना बघून आधी भोकाड पसरून रडली. आता ह्यांच्याच मांडीवर झोपलीय. पाय बधिर झालेत म्हणे, पण हलत नाहीत. ठेवते हं ताई, मध्येच थांबले तर त्यांना वाटेल संपलं. अजून पहिल्याच वर्षात आहे मी."